‘अनलिमिटेड कटिंग’वाल्या मशीननं माझे १,२८,७५० रुपये कापले

तुमचं मोबाइलचं दुकान असेल आणि स्क्रीन गार्ड कापायचं मशीन विकायला कुणी गोडबोल्या डीलर दारात आला असेल, तर त्याला चहा पाजा आणि पहिल्या एसटीनं परत पाठवा. मी जेवायला घातलं. सुरमईचं ताट.

आकडे आधी सांगतो, कारण लोकांना वाटतं दोन-पाच हजारांचा मामला असेल. मशीन ४६,५०० रुपये. फिल्मची ६०० पानं, पानाला ८५ रुपये, म्हणजे ५१,०००. ‘तालुक्यात तुमच्याशिवाय कुणालाच देणार नाही’ याचं डिपॉझिट २१,०००. नंतर लॉक उघडायला भरलेले ३,५००. आणि गिऱ्हाइकांना गल्ल्यातून परत दिलेले ६,७५०. करा बेरीज.

आता ‘इतके पैसे घालायची गरज काय होती’ म्हणणाऱ्यांसाठी. सिंधुदुर्गात किनाऱ्यावर दुकान चालवून बघा. मे महिन्यात तारकर्ली-देवबागला जाणारा प्रत्येक दुसरा माणूस ओरखडलेला फोन घेऊन येतो. काचेवर ‘नाइन एच’ छापलेलं असतं, पण तो आकडा पेन्सिलीच्या टोकाच्या चाचणीचा आहे. वाळूतला क्वार्ट्‌झ काचेहून कठीण, खिशात वाळू आणि फोन एकत्र गेले की काच गेलीच. त्यात आता कडेला वळलेल्या स्क्रीनचे फोन. त्यांच्यावर साधी टेम्पर्ड ग्लास बसत नाही, कडा उचलतात. शेकडो मॉडेलच्या काचा भरून ठेवायला गोडाऊन लागेल, आणि सहा महिन्यांत त्यातल्या निम्म्या पडून राहतील. एक मशीन, एकाच मापाची पानं, ॲपमध्ये मॉडेल निवडायचं आणि पातं हव्या त्या आकारात कापून देतं. फोन, घड्याळ, टॅब, बाइकचा मीटर, लॅपटॉपचं झाकण, सगळं. धंदा म्हणून निर्णय शंभर टक्के बरोबर होता, आजही म्हणतो. माणूस चोर निघाला.

डेमो त्यानं माझ्याच काउंटरवर दिला. पान त्याच्या बॅगेतलं. माझ्या भाच्याच्या फोनवर लावलं, वर किल्लीनं बारीक रेघ मारली, हेअर ड्रायरची ऊब दिली आणि रेघ गेली. खरं टीपीयू, म्हणजे या फिल्मचं लवचिक प्लास्टिक, असंच वागतं. उबेनं बारीक चरे भरून येतात. फरक इतकाच, की ते पान त्याचं होतं आणि मला मिळालेली ६०० पानं वेगळी होती. म्हणून सांगतो, डेमो घ्याल तेव्हा पान पेटीतलं काढायला लावा, आणि पेटी तुम्ही निवडा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यापायी मला अजून झोप येत नाही. ॲप त्याच्या फोनवर चालू होतं. वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक आकडा होता, ९७. पातं फिरलं, फिल्म कापून झाली, आकडा ९६ झाला. मी बघितलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं. विचारलंसुद्धा, “हे काय हो?” तो म्हणाला, “तो कटिंगचा हिशोब हाय दादा, किती कापलं ते कळाय पायजे का नको?” आणि लगेच भाच्याला म्हणाला, “घे, फोन बघ कसा चकाकतोय.” झालं, सगळे फोनकडे बघायला लागले.

किती कापलं याचा हिशोब चढत जातो. उतरत कसा जाईल? मी रिचार्ज विकतो! वडिलांच्या वेळेपासून दुकान आहे, एसटीडी बूथ होता तेव्हापासून उतरणारे आकडे बघत आलोय. उतरणारा आकडा म्हणजे बॅलन्स, आणि बॅलन्स संपतो. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण काउंटरवर पुण्याचं एक कुटुंब ताटकळत होतं, एक जण वॉटरप्रूफ पाउच मागत होता, लाइट जाऊन-येऊन होती, आणि पावतीवर ‘लाइफटाइम अनलिमिटेड कटिंग’ असं त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. लिहून दिलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर कशावर ठेवायचा?

बिलाचंही तसंच. मशीनचं बिल ११,८०० चं केलं, दहा हजार अधिक अठरा टक्के. बाकीचे यूपीआयनं, दुसऱ्याच कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. “कशाला उगाच सरकारला द्यायचं?” म्हणाला. बाजारात निम्मे लोक असंच करतात, माझ्यावर बोट दाखवू नका. पण बिलावरचा जीएसटी नंबर वाचा. पत्ता कोल्हापूरचा आणि नंबराची सुरुवात २९ नं. महाराष्ट्राचा २७ असतो, २९ कर्नाटकचा. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर टाकून बघता येतो. मी टाकला तेव्हा नोंदणी रद्द झालेली दिसली. पैसे गेल्यावर टाकला, हे सांगायला नको.

मे महिना बरा गेला. पाऊस सुरू झाला आणि फिल्म बोलायला लागली. कडा सुटल्या. ओली फिल्म लावली की पाण्याचे बारीक बुडबुडे राहतात, ते दोन दिवसांत आपोआप जातात, तसं गिऱ्हाइकाला सांगून आम्ही पाठवतो. इथं बुडबुडे गेले आणि कडेची चिकटसुद्धा गेली. रापणीवाल्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या एकाच्या बाइकच्या मीटरवर लावलेली फिल्म पिवळी पडून कडक झाली, सोलली तर चिकटा तसाच मीटरवर. तो काही बोलला नाही. नुसता काउंटरवर हात ठेवून उभा राहिला. त्याला २५० रुपये दिले आणि मीटर रॉकेलनं पुसूनही दिला.

पान ओढून बघा, एवढी सोपी परीक्षा आहे. टीपीयू ताणतं आणि सोडलं की हळूहळू मागे येतं. पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, ताणतच नाही. माझी पानं ताणली गेली आणि तशीच लोंबत राहिली. पाकिटावर मात्र ‘हायड्रोजेल टीपीयू’, सोनेरी अक्षरात.

मग चतुर्थीच्या तोंडावर, चाकरमानी यायला लागलेले, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि मशीन थांबलं. कोपऱ्यात शून्य. फोन केला तर म्हणे शंभर कटचं कूपन ३,५०० ला. ‘अनलिमिटेड’चं काय? तर “मशीन अनलिमिटेड हाय की दादा, डिझाइन कंपनीचं हाय.” हंगाम बुडू नये म्हणून भरले. कोड आला, थोडे दिवस चाललं, नंतर ॲप उघडायचंच बंद झालं. नंबर बंद. आता ते मशीन माशा बसायला ठेवलंय. मशीन घ्यायचंच असेल तर इंटरनेट बंद करून कापतं का बघा, आणि दुसऱ्या कंपनीचं पान घेतं का बघा. या दोन गोष्टींना डीलर टाळाटाळ करायला लागला की विषय संपला.

तालुका डिपॉझिटची गंमत वेगळीच. नाक्यापलीकडच्या दुकानात तेच राखाडी मशीन. मी गेलो तर त्यानंच आधी हात जोडले, “माकाय तोच गावलो.” त्यानंही डिपॉझिट भरलेलं.

आता आपली माणसं. पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “मशीन तुझ्या ताब्यात आसा मां? मगे फसवणूक खयची?” वरचे साहेब म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. परत गेलो तर आरोपी कोल्हापूरचा, तिकडे तक्रार द्या. व्यवहार माझ्या काउंटरवर झाला, पैसे माझ्या खात्यातून गेले, आणि मी घाट चढून जायचं? त्यानंतर गणपतीचा बंदोबस्त. त्यानंतर निवडणुकीचं काम. अर्जावर पोचीचा शिक्का मागितला तर “कित्याक, आमच्यार विश्वास नाय?” नाही! सायबरवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले, तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवलेत, यात सायबर काय? बँकेनं तेच वाक्य इंग्रजीत छापून दिलं. कर खात्यात बिल दाखवलं, तर साहेबांनी त्या डीलरचं सोडून मलाच विचारलं, उरलेली रक्कम बिलाशिवाय का दिलीत? म्हणजे चोर मोकळा आणि मी खुलासा लिहितोय.

वकिलानं म्हटलं, तुम्ही व्यापारी, ग्राहक मंचात बसत नाही. हे अर्धसत्य आहे, तुमच्या वकिलानं सांगितलं तर तोंडावर सांगा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेला माल वगळला आहे खरा, पण फक्त स्वयंरोजगारातून पोट भरायला घेतलेला माल वगळलेला नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कोल्हापूरला जायची गरज नाही. मालासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन केलात तर तक्रार क्रमांक तरी मिळतो, कागद होतो. आणि ठाण्यात हद्दीचं कारण सांगितलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम १७३ दाखवा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीबाहेरची असली तरी घ्यावी लागते. घेतली नाही तर तीच लेखी, पोस्टानं, पोलीस अधीक्षकांना. मी स्पीड पोस्टानं पाठवली आहे. पोचपावती जपून ठेवली आहे, कारण सगळ्या प्रकरणात मिळालेला तेवढाच एक शिक्का.

वरच्या कोपऱ्यात उतरणारा आकडा, राखाडी मशीन, २९ नं सुरू होणारं बिल, असं तुमच्याकडे काही असेल तर बिल आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पलीकडचा दुकानदार आणि मी दोघं मिळून ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. कणकवली, सावंतवाडी, राजापूरकडचं कुणी असेल तर लाज सोडून पुढे या. एकाला ‘दिवाणी बाब’ म्हणून घालवता येतं, आठ-दहा जणांना सांगताना जीभ जड होते.

आणि उरलेली पानं ४० रुपयांनी मागणारे फोन बंद करा. ती चांगली नाहीत हे माहीत असून गिऱ्हाइकाच्या फोनला लावणार आणि तुम्हीही तेच करणार? ती पेटीत भरून वर माळ्यावर ठेवली आहेत. आयोगाला दाखवायची आहेत.