फ्रॅपे फ्रेमवर्क : एका मशीन शॉपसाठी ॲप लिहिताना आलेला अनुभव

दिवाळीनंतर फ्रॅपे शिकायला घेतलं, आता पावसाळा संपत आलाय, आणि मधले सगळे महिने जवळपास रोज त्याच्यावरच काम चालू आहे. काम कुठलं तर कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतलं एक मशीन शॉप. फाउंड्रीचं कास्टिंग येतं, टर्निंग आणि व्हीएमसीवर (उभ्या मशीनिंग सेंटरवर) मशीनिंग होतं, माल परत जातो, पूर्ण जॉबवर्कचा धंदा. अकाउंट्स टॅलीवर आहेत आणि तिथेच राहणार आहेत, त्यांना हवा होता तो चलनाचा हिशोब : कुठल्या आवक चलनातले किती पीस कुठल्या जावक चलनाने गेले, सीआर (कास्टिंगच्या दोषामुळे बाद झालेले पीस) किती, एमआर (मशीनिंगमध्ये बाद झालेले) किती, शिल्लक किती. हे सगळं एक्सेलवर चाललं होतं आणि महिनाअखेरीला फाउंड्रीच्या स्टोअरवाल्याशी फोनवर तासतासभर ताळमेळ लावावा लागायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ईआरपीनेक्स्ट, म्हणजे धंद्याचे अकाउंट्स, स्टॉक, विक्री एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, ते ज्याच्यावर उभं आहे ते फ्रॅपे फ्रेमवर्क. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये मुंबईत कंपनी सुरू केली त्यातून हे दोन्ही आले. मागे पायथन, पुढे जावास्क्रिप्ट, डेटाबेस मारियाडीबी, पोस्टग्रेसही चालतं, मागे चालणाऱ्या कामांची रांग आणि कॅश यांसाठी रेडिस. फ्रेमवर्क एमआयटी लायसन्सखाली आहे, म्हणजे त्यावर स्वतःचं ॲप लिहून विकलंत तरी सोर्स उघडा करायची सक्ती नाही, ईआरपीनेक्स्ट मात्र जीपीएल व्हर्जन ३ खाली येतं, तर क्लायंटशी बोलताना हा फरक डोक्यात स्पष्ट असू द्या.

पहिल्यांदा सांगायचं ते हे की फ्रॅपे ईआरपीनेक्स्टपासून वेगळं ठेवून शिका. खूप जण ईआरपीनेक्स्ट इन्स्टॉल करतात, त्यात कस्टम फील्ड टाकत बसतात आणि सहा महिन्यांनी म्हणतात की फ्रॅपे येतंय, पण रिकाम्या साईटवर स्वतःचं छोटं ॲप सुरुवातीपासून लिहिल्याशिवाय हे फ्रेमवर्क कळत नाही असं माझं ठाम मत झालंय. अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये लायब्ररी मॅनेजमेंटचं ट्युटोरियल आहे, ते आधी पूर्ण करा, शब्दन् शब्द, आणि मग लगेच तुमच्या ओळखीच्या एका धंद्याचं काहीतरी घ्या.

सगळा खेळ डॉकटाईपचा, म्हणजे एका प्रकारच्या कागदाच्या साच्याचा, आहे. स्क्रीनवर बसून फील्ड मांडायची, सेव्ह केलं की टेबल तयार, फॉर्म तयार, लिस्ट तयार, परमिशन लावायची जागा तयार, रेस्ट एपीआयसुद्धा (दुसऱ्या प्रोग्रॅमला हाच डेटा वाचता-लिहिता येण्याची सोय) तयार. डेव्हलपर मोड चालू असेल तर त्याच वेळी ॲपच्या फोल्डरमध्ये जेसन फाईल आणि पायथनची फाईल पडते, ती गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाकायची. पहिल्या आठवड्यात हे बघून माणूस भारावून जातो, मीही गेलो, पण खरी किंमत कळते ती सबमिटची सोय वापरायला लागल्यावर.

धंद्यातला प्रत्येक महत्त्वाचा कागद तीन अवस्थांत असतो. लिहितोय, सही झाली, रद्द केला. फ्रॅपेत हेच डॉकस्टेटस म्हणून येतं : शून्य म्हणजे ड्राफ्ट, एक म्हणजे सबमिट, दोन म्हणजे कॅन्सल. सबमिट झालेलं चलन कोणी उघडून पीस बदलू शकत नाही (एखादं फील्ड मुद्दाम सबमिटनंतर उघडं ठेवलं असेल तेवढंच), चुकलं तर कॅन्सल करा, अमेंड करा, नवी प्रत निघते आणि जुनी रद्द म्हणून तशीच दिसत राहते. ट्रॅक चेंजेस चालू केलं तर कोणी कधी काय बदललं त्याचीही नोंद राहते. जँगो, पायथनचंच दुसरं वेब फ्रेमवर्क, मी पूर्वी वापरलंय आणि ते मला आवडतं, त्याच्या ॲडमिनमध्येही फॉर्म फुकट मिळतो, पण ही सही-रद्दची शिस्त, प्रिंट, फील्डच्या पातळीवरची परमिशन, वर्कफ्लो, एक्सेलमधून इम्पोर्ट हे तिथे आपलं आपण बांधावं लागतं आणि बिझनेस सॉफ्टवेअरमध्ये अर्धा वेळ तिथेच जातो.

आमच्या ॲपमध्ये आवक चलन आणि जावक चलन हे दोन सबमिट होणारे डॉकटाईप, प्रत्येकात पार्टची चाईल्ड टेबल (फॉर्मच्या आतलं ओळींचं टेबल). जावक सबमिट झालं की ऑन सबमिटमध्ये, म्हणजे त्या वेळी आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, सगळ्यात जुन्या आवक चलनापासून पीस वजा होत जातात आणि प्रत्येक वजावटीची वेगळी नोंद एका लेजर डॉकटाईपमध्ये पडते, ऑन कॅन्सलमध्ये त्याच नोंदी उलटतात. शिल्लक कुठेही आकडा म्हणून साठवलेली नाही, लेजरच्या बेरजेतून निघते. ही पद्धत मी फ्रॅपेच्याच एचआर ॲपमधल्या रजेच्या अर्जाचा कोड वाचून घेतली, तिथे रजा मंजूर झाली की लेजरला एन्ट्री पडते, अगदी तसंच. सोर्स वाचायचा असेल तर तिथून सुरुवात करा असं मी सगळ्यांना सांगतो, कारण ईआरपीनेक्स्टचं सेल्स इन्व्हॉइस उघडलंत तर त्याच्यावर सेलिंग कंट्रोलर, त्याच्यावर स्टॉक कंट्रोलर, त्याच्यावर अकाउंट्स कंट्रोलर असे थर आहेत आणि नवीन माणूस तिथे हरवतो.

जावक चलनावर मूळ चलन नंबर छापला जाणं ही फाउंड्रीची मुख्य मागणी होती, आणि त्यामागे कायदा आहे. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत यावा लागतो, कॅपिटल गुड्स असतील तर तीन वर्षांत, आणि आयटीसी-०४ या जीएसटीच्या फॉर्ममध्ये माल पाठवणाऱ्याला त्याचा हिशोब द्यावा लागतो. चलनाला चलन जुळलं नाही की त्यांचं ते रिटर्न अडतं, मग ते आपलं बिल अडवतात. लेजरमुळे हे आपोआप जुळायला लागलं, आणि दहा महिने उलटून गेलेले पीस दाखवणारा एक स्क्रिप्ट रिपोर्ट (पायथन कोडने बनणारा रिपोर्ट) लिहिलाय तो दर सोमवारी मालकांना ईमेलने जातो, त्यासाठी वेगळा कोड लागलाच नाही, ऑटो ईमेल रिपोर्टमध्ये सेटिंग केलं की झालं.

परमिशनबद्दल मनापासून चांगलं लिहावंसं वाटतं. ऑपरेटर आणि स्टोअरवाल्याला रेट दिसू नये अशी मालकांची अट होती. रेटच्या फील्डला परमिशन लेव्हल एक दिली, ती लेव्हल फक्त अकाउंट्सच्या रोलला दिली, संपलं. पुढे फाउंड्रीच्या माणसाला लॉगिन दिलं तेव्हा युझर परमिशनने त्याला फक्त त्याच्याच कंपनीची चलनं दिसतात. पण इथे एक गोष्ट कोड लिहिणाऱ्याने पक्की लक्षात ठेवायची : रेकॉर्ड मागवणाऱ्या दोन फंक्शनपैकी गेट लिस्ट परमिशन तपासतं, गेट ऑल तपासत नाही. बाहेरच्या माणसाला दिसणाऱ्या व्हाईटलिस्टेड मेथडमध्ये (ब्राउझरमधून बोलावता येणाऱ्या फंक्शनमध्ये) गेट ऑल वापरलं तर एका गिऱ्हाईकाचा माल दुसऱ्याला दिसेल, आणि धंद्यात त्याच्याएवढं वाईट काही नाही.

डॉक्युमेंटेशनमध्ये सापडायला वेळ लागतो अशा आणखी काही गोष्टी सांगतो, कारण मला त्या आधी कोणी सांगितल्या असत्या तर आवडलं असतं. ब्राउझरची रिक्वेस्ट नीट संपली की पोस्ट आणि पुट या प्रकारच्या रिक्वेस्ट आपोआप कमिट होतात (बदल डेटाबेसमध्ये पक्के होतात), गेट प्रकारची होत नाही, त्यामुळे गेटने बोलावलेल्या मेथडमध्ये काही सेव्ह केलं तर एरर न येता ते नाहीसं होतं. मधे एरर आली तर सगळं रोलबॅक होतं, म्हणजे बदल मागे घेतले जातात, म्हणून उगाच मधेच हाताने कमिट टाकू नका, अर्धं चलन वजा होऊन बसेल. डेटा प्रकारचं फील्ड म्हणजे १४० अक्षरांचं व्हारकॅर, पत्ता किंवा शेरा त्यात घेऊ नका. डॉकटाईपमधून फील्ड काढलं तरी डेटाबेसमधला कॉलम तसाच राहतो, हे चांगलंच आहे, जुना डेटा वाचतो, पण राहतो हे माहीत पाहिजे. रेस्ट एपीआय काही सांगितलं नाही तर फक्त वीस रेकॉर्ड देतो, तेही नुसती नावं, बाकी फील्ड मागावी लागतात. आणि दोन जणांनी एकाच वेळी एकाच पार्टचं जावक सबमिट केलं तर दोघांनाही जुनी शिल्लक दिसून पीस जास्त जाऊ शकतात, तिथे वाचतानाच फॉर अपडेट लावून कुलूप घालावं लागतं, हे फ्रेमवर्क आपणहून करत नाही.

नंबरिंगवर वेगळं लिहायलाच हवं. नेमिंग सिरीज (कागदांना ओळीने नंबर देण्याची सोय) उत्तम आहे, पण जीएसटी इन्व्हॉइसचा नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, आणि अमेंड केल्यावर फ्रॅपे शेवटी डॅश एक लावतं, म्हणजे दोन अक्षरं वाढली. तुमची सिरीज पंधरा-सोळाला टेकलेली असेल तर पहिल्याच अमेंडला अडकाल. सिरीज छोटी ठेवा. नवीन व्हर्जनमध्ये अमेंड झालेल्याला नेहमीच्या सिरीजचा पुढचा नंबर द्यायची सोय आलीय, तीही बघून ठेवा.

आता त्रास. इन्स्टॉलेशन हा पहिला उंबरठा आहे आणि तिथून बरेच जण परत जातात. पायथन, नोड, यार्न, रेडिस, मारियाडीबी यांची व्हर्जन जुळली पाहिजेत, मारियाडीबीचा कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ पाहिजे. विंडोज असेल तर सरळ डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) उबुंटू टाका किंवा डॉकर वापरा, थेट विंडोजवर झगडण्यात अर्थ नाही. स्वस्तातल्या एक जीबी रॅमच्या सर्व्हरवर हे मोकळेपणाने चालेल अशी अपेक्षा धरू नका, वेब, वर्कर, शेड्युलर, सॉकेट, रेडिस, डेटाबेस एवढी माणसं एका खोलीत राहणार असतात, चार जीबी तरी द्या. एकाच बेंचवर (फ्रॅपेच्या एका इन्स्टॉलेशनवर) अनेक साईट चालतात आणि प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा असतो, त्यामुळे तीन-चार छोटे क्लायंट असतील तर खर्च वाटला जातो, हे मात्र फार सोयीचं आहे.

प्रिंटचं दुखणं वेगळंच. जिंजा या टेम्प्लेटच्या भाषेत फॉरमॅट लिहिणं सोपं आहे, पण आमच्याकडे पीडीएफ ज्या डब्ल्यूकेएचटीएमएल-टू-पीडीएफने निघते त्याचं इंजिन खूप जुनं आहे आणि तो प्रोजेक्ट आता बंद झालाय. फ्लेक्स, ग्रिड वगैरे विसरा, टेबलमध्येच चलन मांडा. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट टाकलेला नसेल तर मराठी मजकुराच्या जागी चौकोन छापले जातात, लोहित किंवा नोटो टाकला की प्रश्न मिटतो.

डेस्कच्या, म्हणजे फ्रॅपेच्या तयार स्क्रीनच्या, चौकटीत राहाल तोवर कामाचा वेग जबरदस्त, चौकटीबाहेर पाय टाकला की एकदम मंदावतो. शॉप फ्लोअरवर ऑपरेटरला मोबाईलवर मोठी चार बटणं हवी होती, पार्ट, ओके, सीआर, एमआर, बाकी काही नको. ते डेस्कच्या फॉर्ममध्ये ओढूनताणून बसवण्यापेक्षा व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये वेगळं पान केलं आणि फ्रॅपे मागे एपीआय म्हणून ठेवलं. हे जमतं, पण त्यासाठी व्ह्यू वेगळं शिकावं लागतं, तो वेळ आधीच धरून चला.

क्लायंटच्या साईटवर ब्राउझरमध्येच लिहिता येणारी क्लायंट स्क्रिप्ट आणि सर्व्हर स्क्रिप्ट, यांच्याबद्दल माझं मत कडक आहे. घाईच्या वेळी बरं वाटतं, पण तो कोड गिटमध्ये नसतो, तपासता येत नाही, आणि वर्षभराने कुठला नियम कुठे लिहिलाय हे कोणालाच सांगता येत नाही. व्हर्जन १५ पासून सर्व्हर स्क्रिप्ट मुळातच बंद ठेवलेल्या असतात, ते योग्यच केलं. नियम ॲपच्या पायथन फाईलमध्ये, हुक्समध्ये (घटना घडली की आपला कोड बोलावणारी जोडणी) लिहा, कस्टम फील्ड फिक्स्चरमध्ये (ॲपबरोबर जाणाऱ्या फाईलींमध्ये) एक्सपोर्ट करा. एवढं पाळलं तर व्हर्जन बदलताना मायग्रेट ही कमांड चालवून पॅचेस (जुना डेटा नव्या व्हर्जनला जुळवणारा कोड) बघत बघत नीट पुढे जाता येतं.

बॅकअपचं एक राहिलं. डेटाबेस आणि फाईलींबरोबर साईट कॉन्फिगची फाईलसुद्धा जपून ठेवा, त्यात एन्क्रिप्शन की असते, ती हरवली तर रिस्टोअर झालेल्या साईटवर ईमेलचे वगैरे साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत.

पायथन अजिबात येत नसेल तर आधी महिना-दोन महिने ते शिका, आणि त्याहीपेक्षा, ज्याच्यासाठी ॲप लिहायचंय त्याच्या ऑफिसात बसून त्यांचे कागद बघा, कुठला कागद कोण लिहितं, कोण सही करतं, रद्द झाला तर त्याचं काय करतात. आमच्याकडे डॉकटाईप जवळपास सगळे त्या चलनबुकांवरूनच ठरले, स्टोअरमधल्या काकांनी जुन्या बुकांचा गठ्ठा काढून प्रत्येक रकान्याचं कारण सांगितलं. सध्या त्यांच्याच सांगण्यावरून फॉर्मवरची नावं मराठीत करतोय. ट्रान्सलेशन नावाचा डॉकटाईपच आहे, त्यात आपले शब्द भरता येतात आणि युझरची भाषा मराठी केली की त्याला तेच दिसतात, इन्वर्डच्या जागी आवक, बॅलन्सच्या जागी शिल्लक. सीआर आणि एमआर तसेच ठेवलेत, ते तिथे सगळ्यांना तसेच कळतात.