मागच्या अंगणात सफरचंद लावावं की लिची?

नागपूरच्या बेसा भागात साडूंनी घर बांधलं. मागे पंधरा बाय वीस फुटांचा तुकडा उरला आणि त्यांचा फोन आला, "संत्रं नको, लिंबू नको, ते सगळ्यांकडेच आहे. सफरचंद लावू की लिची?" हा प्रश्न दर हिवाळ्यात मला कोणी ना कोणी विचारतंच, कारण माझ्याकडे दोन्ही झाडं आहेत आणि दोन्ही जिवंत आहेत. नागपुरात एवढ्या भांडवलावर माणूस तज्ज्ञ ठरतो.

खड्डा केवढा, शेणखत किती, वाळवीसाठी काय घालायचं हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. हापूसचाही विचार इथे नाही. हापूस नागपुरात येतो, फक्त त्याला कोकणातली चव येत नाही. मँगोस्टीनचं स्वप्न पाहायचं असेल तर खुशाल पाहा, रोप मात्र आणू नका.

आधी सफरचंद. नेहमीच्या डोंगरी जातींना हिवाळ्यात ७ अंशांखालची थंडी हजाराच्या आसपास तास लागते, तेव्हा कुठे त्यांचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, फुटतात. आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर गेला होता आणि आपण शेकोट्यांचे फोटो काढले होते, पण ते दोन-चार रात्रींचं कौतुक. त्या भरवशावर काश्मिरी जात लावणं म्हणजे पाडव्याच्या पावसावर पेरणी करणं. म्हणून उरतात त्या कमी थंडीच्या जाती. अ‍ॅना इस्रायलची आणि डॉर्सेट गोल्डन बहामाजची. अ‍ॅना घ्यायची तर परागासाठी शेजारी डॉर्सेट लागते, म्हणजे दोन झाडं आली. तिसरी आपल्याच देशातली, एचआरएमएन-९९. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे हरिमन शर्मा यांनी जेमतेम ७०० मीटर उंचीवर ती वाढवली. तिथे सफरचंद येतं यावर आधी कोणाचा विश्वास नव्हता. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही जात एकटीनंही फळते, म्हणून लहान अंगणात मी तिच्याच बाजूनं आहे.

घेताना एकच जपा. आमच्या ओळखीतल्या एकांना रोपवाल्यानं 'अ‍ॅपल' म्हणून जे रोप दिलं, ते अ‍ॅपल बोर निघालं, म्हणजे मोठ्या फळाची बोरच. दोन वर्षं त्यांनी त्याला सफरचंद समजून लाडानं वाढवलं. काटे दिसले तेव्हाही "लहानपणी असतात" अशी स्वतःची समजूत घालत होते.

सफरचंदाचा खरा उपद्व्याप डिसेंबरात असतो. आपल्या थंडीत झाड पुरतं झोपतच नाही. अर्धी पानं तशीच हिरवी राहतात, फुलं चार इकडे, चार तिकडे, आणि फळं तीन महिने फुटकळ येत राहतात. मग त्याला झोपवावं लागतं. पाणी तोडायचं आणि डिसेंबरअखेर उरलेली सगळी पानं काढायची. इंडोनेशियात, जावा बेटावर मलंगजवळच्या बाटू भागात, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ राहून लोक वर्षातून दोन-दोनदा पानं काढून सफरचंदं घेतात. पानं ओरबाडू मात्र नका, देठाचा तुकडा ठेवून कात्रीनं कापा, नाहीतर देठाजवळचा डोळा दुखावतो. मग फांद्या सुतळीनं जरा आडव्या ओढून बांधायच्या आणि जानेवारीत पाणी सोडायचं.

हे मी काटोलच्या मामांना सांगितलं. त्यांची चाळीस वर्षं संत्र्यात गेली. त्यांनी झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तू याले ताण देऊन राह्यला, म्हणजे संत्रंच करून राह्यला ना बाप्पा!" खरंच आहे. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याला हिवाळ्यात पाणी तोडतात, भारी जमीन असली तर महिन्याहूनही जास्त. नागपुरी संत्र्यानं आपल्याला शिकवलेलीच विद्या इथे परत वापरायची. खोडाला बोर्डोपेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावणं, बुंध्याशी पावसाचं पाणी साचू न देणं, हे सगळं तिकडूनच आलं. माझी समजूत अशी की ज्याच्या नात्यात एक तरी संत्रेवाला आहे, त्याला सफरचंद फारसं अवघड जाऊ नये.

आता लिची. झाड म्हणून पाहिलं तर तुलनाच होत नाही. सफरचंदाचं झाड आमच्याकडे वर्षातले चार महिने खराट्यासारखं दिसतं. लिची बारमाही हिरवी, गर्द, नवी पालवी तांब्याच्या रंगाची. फळ एकही आलं नाही तरी अंगणाला शोभा आहे. चवीचं तर विचारूच नका. मुजफ्फरपूरच्या शाही लिचीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. आपल्या राज्यातही डहाणूकडे घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात ती चांगली येते, पण तिथे समुद्र उशाशी आहे.

आमच्या उशाशी काळी माती. लिचीला किंचित आंबट अंगाची, भुसभुशीत जमीन हवी. आपली जमीन चुनखडीची, वर बोअरचं जड पाणी. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की समजायचं, लोह मिळत नाहीये. लिची बहुतेक गुटी कलमाची, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेली असते, तिला सोटमूळ नसतं, मुळं वरवर पसरतात. एप्रिलमध्ये काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा पडतात आणि त्या भेगा मुळंही तोडतात. यावर उपाय आहेत. मातीची उंच गादी करून पालापाचोळ्याचं खत, थोडं गंधक आणि बुंध्याभोवती वर्षभर आच्छादन. कुठे जुनं लिचीचं झाड माहीत असेल तर त्याच्या खालची दोन टोपली माती आणून मिसळा. तिच्या मुळांना मदत करणारी बुरशी त्यात असते. हे सगळं मी केलं, आणि पाच वर्षांत झाड माझ्या डोक्यावर गेलं. म्हणजे माती हे काही माझ्या तक्रारीचं कारण नाही.

तक्रार मे महिन्याची आहे. लिचीचं फळ नेमकं मेमध्ये भरतं, आणि तेव्हा तिला हवेत ओलावा लागतो. मुजफ्फरपूरच्या बागायतदारांनाही पश्चिमेचा कोरडा गरम वारा सुटला की फळ तडकण्याची धास्ती असते. आपल्याकडे तो वारा म्हणजे रोजचा पाहुणा. २०१३ च्या मेमध्ये इथे ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे. अशा हवेत पानांची टोकं करपतात, साल आखडते, आणि मध्येच कधी भरपूर पाणी मिळालं की आतला गर फुगून साल फाटते. त्यामुळे हिरवी जाळी, सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा, आणि जमीन ना कोरडी ना चिखल. हे दीड महिना, एक दिवसही न चुकता.

एका मेमध्ये अकोल्याला पुतणीचं लग्न होतं. तीन दिवसांसाठी ठिबकला टायमर लावला आणि फवाऱ्याचं काम शेजारच्या पोराला सांगितलं. पोरगा गुणी. सकाळी त्याचा क्लास, म्हणून त्यानं दुपारी दोनला नळ सोडला. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी काय असतं, हे नागपूरकराला सांगायला नको, चहा होतो त्यात. त्यानं ते सगळं नव्या पालवीवर आणि घोसांवर मारलं, मनापासून मारलं. आम्ही परतलो तेव्हा झाडाची एक बाजू भाजल्या पापडासारखी झाली होती. पोरगा रडकुंडीला आला. मी त्याला काय बोलणार? त्यानंतर दोन वर्षं आम्ही मेमध्ये नागपूर सोडलं नाही. लग्नसराईत बायको एकटी जायची आणि प्रत्येक मांडवात तिला विचारलं जायचं, "काऊन जी, भाऊजी नाही आले?" ती सांगायची, लिची आहे. लोकांना वाटायचं, घरात कोणीतरी आजारी आहे.

माझ्यापुरता निकाल इथेच लागला. मेहनत दोन्ही झाडांना आहे. सफरचंद ती डिसेंबरात मागतं, जेव्हा नागपुरात अंगणात बसण्यासारखं दुसरं सुख नसतं. दोन दुपारी, कोवळं ऊन, हातात कात्री, स्टुलावर चहा, आणि वर्षाचं मोठं काम संपलं. लिची तीच मेहनत मेमध्ये मागते.

शिवाय एक बारीक गोष्ट आहे. लिची झाडावरून उतरवली की पुढे पिकत नाही, म्हणजे पूर्ण पिकेपर्यंत ती उन्हात लटकलेलीच राहणार. सफरचंद जरा आधी काढलं तरी घरात पिकतं. मी ते नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, लागायच्या आत, मेच्या तिसऱ्या आठवड्यात उतरवून घेतो. तोवर जाळी आणि ठिबक पुरतं, चार दिवस बाहेर गेलो तरी झाड तक्रार करत नाही. पोपटांपासून वाचवायला प्रत्येक फळाला कापडी पिशवी बांधतो, त्यामुळे झाड पाहुण्यांना देवीच्या नवसाचं वाटतं.

आता प्रामाणिकपणे चव. गेल्या वर्षी चाळीस-एक फळं आली. लिंबापेक्षा मोठी, बाजारातल्या सफरचंदापेक्षा बरीच लहान. रंग पिवळा, उन्हाच्या बाजूला लाली. उष्णतेत लाल रंग धरत नाही, त्याची अपेक्षा ठेवू नका. गर आंबटगोड, दोन दिवस ठेवलं की पिठूळ. कच्च्याचा मेथांबा मात्र असा होतो की आंब्याला वाईट वाटावं. लिचीची जी अठरा-वीस फळं मी आजवर खाल्ली, त्यातल्या एकेकापुढे ही चाळीस फळं फिकी आहेत, हे मान्य. ती बहुतेक एकाच वर्षी मिळाली. त्या वर्षी एप्रिल-मेभर अवकाळी पाऊस पडत होता, शेतकरी रडत होते आणि माझी लिची हसत होती. अशा फळाची गोडी पुरती लागत नाही.

घरात मेमध्ये कोणी ना कोणी असतंच, विहिरीचं गोडं पाणी आहे, पश्चिमेला उंच भिंत किंवा शेजाऱ्याची इमारत आहे, असं असेल तर माझं ऐकू नका, लिची लावा. पाच-सहा वर्षं थांबायची तयारी ठेवा. सफरचंदाच्या कलमाला माझ्याकडे तिसऱ्या वर्षी फळ दिसलं, पण एका झाडावरून मी फार काही सांगू नये.

साडूंच्या प्लॉटला पश्चिमेला मोकळं मैदान आहे आणि मुलगी पुण्यात, म्हणजे उन्हाळ्यात तिकडेच मुक्काम. मी त्यांना एवढंच विचारलं, "मेमध्ये घरी कोण असतं?" ते जरा गप्प राहिले, मग म्हणाले, "कूलर." हिमाचलातली कलमं डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात, तेव्हा एक त्यांच्यासाठीही मागवतोय. माझी लिची तोडणार का, असंही त्यांनी विचारलं. नाही तोडणार. ती आता पश्चिमेच्या खिडकीपर्यंत आली आहे आणि दुपारभर आमच्या कूलरवर सावली धरते.