१९० ची नवी रिग की १५० ची जुनी? कोकणात राहून जंप करणाऱ्यांसाठी

बोटीवरून सुट्टीला आलेला, स्कायडायव्हिंगचं लायसन्स झालेला आणि हातात बरे पैसे असलेला माणूस हमखास या प्रश्नावर येऊन अडकतो. एका बाजूला नवीन ऑर्डर करायची रिग (पाठीवरचा सगळा पॅराशूट संच), १९० स्क्वेअर फुटांचा मेन म्हणजे मुख्य छत्री, सगळं आपल्या मापाचं, पण पैसे जास्त आणि हातात यायला काही महिने. दुसऱ्या बाजूला दुबईतला कोणीतरी ओळखीचा विकतोय ती १५० ची वापरलेली रिग, एएडीसकट (वेळेत छत्री उघडली नाही तर राखीव छत्री आपोआप उघडणारं यंत्र), जवळजवळ निम्म्या पैशात, आणि उद्या हातात. रत्नागिरी-गुहागरकडचे, मालवणचे ओळखीतले बरेच जण हेच विचारतात म्हणून एकदा सविस्तर लिहिते. परदेशातल्या लोकांची उत्तरं आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत, कारण आपण जिथं राहतो तिथं ड्रॉपझोनच (उड्या मारायची जागा) नाही.

माझं मत आधीच सांगते, १९० घ्या, आणि अगदीच हौस असेल तर १७०. आता का ते.

हिशोब करू. वजन ७५ किलो, रिग-हेल्मेट-कपडे धरून आणखी साधारण ११, म्हणजे विमानातून बाहेर पडताना ८६ किलो, पौंडात १९० च्या आसपास. १९० च्या खाली विंग लोडिंग (छत्रीच्या एका स्क्वेअर फुटावर किती पौंड) आलं १.०, १७० च्या खाली १.१ च्या थोडं वर, आणि १५० च्या खाली जवळजवळ १.२७. यूएसपीए या अमेरिकेतल्या स्कायडायव्हिंग संघटनेची शिफारस ए आणि बी लायसन्सला (ए सगळ्यात खालचं, डी सगळ्यात वरचं) १.० पर्यंत, सी ला १.२, डी ला १.४ अशी आहे. छत्री चालवणं शिकवणाऱ्या ब्रायन जर्मेनचा नियमही बहुतेकांना माहीत असतो, पहिल्या शंभर जंपला १.० आणि मग दर शंभर जंपला ०.१ वाढवायचं. म्हणजे दोनशेच्या आसपास जंप झालेल्या माणसाला १५० कुठल्याच हिशोबात बसत नाही, तीनशेच्या पुढे गेलेल्याला जर्मेनच्या नियमाने कागदावर जेमतेम बसायला लागते. आणि हा हिशोब घरच्या वजनकाट्यावर खरं वजन बघून करा, लायसन्स घेताना फॉर्मवर लिहिलेलं वजन धरू नका, बोटीवरून आल्यावर चार-पाच किलो इकडेतिकडे झालेलं असतंच.

पण खरं सांगायचं तर जंपचा एकूण आकडा बघून निर्णय घेणंच मला आपल्यासाठी चुकीचं वाटतं. अमेरिकेतल्या डीलँड किंवा पेरिससारख्या मोठ्या ड्रॉपझोनजवळ राहणारा माणूस दर शनिवार-रविवार जंप करतो, त्याचे दोनशे आणि आपले दोनशे लॉगबुकात सारखे दिसतात पण हातात सारखे नसतात. आपलं कसं असतं, सहा-नऊ महिने बोटीवर, मग गणपतीला किंवा शिमग्याला घरी, मग दोन आठवडे पट्टायाला नाहीतर दुबईला नाहीतर हरियाणातल्या नारनौलला, त्या दोन आठवड्यांत जेवढे होतील तेवढे जंप आणि परत सगळं बंद. यूएसपीएमध्ये ए लायसन्सवाल्याने ६० दिवस, बी वाल्याने ९० दिवस आणि सी-डी वाल्याने सहा महिने जंप केला नसेल तर इन्स्ट्रक्टरबरोबर पुन्हा उजळणी करून घ्यायला सांगतात. आपल्यातले बहुतेक जण प्रत्येक ट्रिपला याच अवस्थेत पोचतात! म्हणजे रिग निवडायची ती ट्रिपच्या शेवटच्या दिवशीच्या आपल्यासाठी नाही, पहिल्या दिवशीच्या आपल्यासाठी.

आणि पहिल्या दिवशी काय होतं ते डोळ्यासमोर आणा. नवीन ठिकाण, उन्हाने डोळे दिपलेत, फायनलवर (उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) दीडशे-दोनशे फुटांवर असताना डावीकडून कोणीतरी खाली येतोय हे उशिरा दिसतं आणि हात आपोआप उजवी टॉगल (ब्रेकची मूठ) खेचतो. १९० वर तेवढीच टॉगल खेचली तर ती वळते, थोडी उंची जाते, सावरायला वेळ मिळतो. १५० वर तोच हात तेवढाच खाली गेला की छत्री डाइव्ह मारते, माणूस बाहेर फेकला जातो आणि छत्री परत डोक्यावर यायच्या आत जमीन येते. छत्री लहान, तिच्या लाइन्स (दोऱ्या) आखूड, म्हणून लोडिंग सारखं असलं तरी लहान छत्री जास्त चपळ असते, नुसत्या आकड्यावरून हे कळत नाही. स्कायडायव्हिंगमध्ये माणसं छत्री उघडली नाही म्हणून मरतात असं घरच्यांना वाटतं, प्रत्यक्षात अनुभवी लोकांच्या अपघातांत मोठा वाटा असतो तो व्यवस्थित उघडलेल्या, काहीही बिघाड नसलेल्या छत्रीखाली कमी उंचीवर मारलेल्या वळणांचा. अमेरिकेत २०२३ साली साधारण साडेछत्तीस लाख जंपमागे १० मृत्यू झाले, म्हणजे हा खेळ पूर्वीपेक्षा खूप सुरक्षित झालाय, पण ही वळणं काही थांबलेली नाहीत.

म्हणून १५० चा विचार करायच्या आधी आत्ताच्या छत्रीवर काही गोष्टी जमतात का ते बघा. ५० फुटांवर ब्रेकमध्ये राहून ९० अंशांचा सपाट टर्न, फ्लेअर (उतरताना दोन्ही ब्रेक ओढून वेग मोडणं) करता करता थोडं वळणं, आडव्या वाऱ्यात लँडिंग, वारा नसताना लँडिंग, आणि जिथं ठरवलं तिथं सलग उतरणं. हे जमत नसेल तर छत्री बदलून येणार नाही. त्यापेक्षा फरकाचे पैसे कॅनोपी कोर्सवर (छत्री चालवायला शिकवणाऱ्या) घाला. दोन दिवस कोणीतरी तुमची प्रत्येक लँडिंग व्हिडिओवर दाखवतो आणि काय चुकतंय ते सांगतो, त्याच्याइतका पैसा वसूल दुसऱ्या कशात होत नाही.

१५० च्या बाजूनेही बोललं पाहिजे. कंटेनर (छत्र्या ठेवायची पाठीवरची पिशवी) लहान, हलका, विमानाच्या केबिनमध्ये आरामात बसतो. वाऱ्यात पुढे सरकते, दुपारी वारा वाढला की १९० वाले जागच्या जागी लटकलेले दिसतात. चालवायला मजा येते हे तर आहेच, ते कोणी नाकारत नाही. पण वाऱ्याचा मुद्दा मला पटत नाही, ज्या वाऱ्यात १९० मागे जाते त्या वाऱ्यात वर्षातून दोनदा जंप करणाऱ्याने खाली बसून चहा प्यावा. आणि उन्हाळ्यात नारनौलला किंवा आखातात हवा तापून विरळ झालेली असते, तीच छत्री जास्त वेगाने खाली येते, तिथं १५० आणखी लहान असल्यासारखी वागते.

ज्याकडे कोणीच बघत नाही ती गोष्ट म्हणजे रिझर्व्ह, राखीव छत्री. १५० च्या कंटेनरमध्ये रिझर्व्ह बहुतेक वेळा १४३ किंवा त्याहून लहान, कधी १२६ सुद्धा असतो. १९० पौंडांना १४३ म्हणजे १.३३. मेनवर १.३३ नको म्हणणारा माणूस रिझर्व्हवर ते गपगुमान मान्य करतो, आणि रिझर्व्ह वापरायची वेळ कधी येते तर उंची कमी, ठिकाण अनोळखी, डोकं ठिकाणावर नाही, आणि एएडीने उघडला असेल तर कदाचित शुद्धही नाही. तेव्हा तो तुम्हाला ब्रेकला हात न लावता खाली आणणार आहे. नवीन ऑर्डर करताना १७६ रिझर्व्ह घेता येतो, तिथं लोडिंग १.०८ येतं. ऑप्टिमम नावाचा रिझर्व्ह कमी जागेत पॅक होतो म्हणून कंटेनर न वाढवता एक साइज मोठी बसते. मला विचाराल तर सगळ्या तुलनेत एवढी एकच गोष्ट नव्या रिगच्या बाजूने पुरेशी आहे.

एएडीचं थोडक्यात. सायप्रस-२ एक्स्पर्ट ७५० फुटांच्या आसपास, वेग सेकंदाला ३५ मीटरच्या वर असेल तर रिझर्व्ह बंद ठेवणारा लूप कापतो, व्हिजिल प्रो मोडमध्ये ८४० फुटांना, वेग तोच. दोन्ही चांगले, मी यात बाजू घेत नाही. व्हिजिलचं आयुष्य २० वर्षं, नव्या सायप्रस-२ चं १५.५, त्यात ५व्या आणि १०व्या वर्षी सर्व्हिस. व्हिजिलमध्ये स्टुडंट, टँडम, प्रो असे मोड वापरणाऱ्याला बदलता येतात, म्हणून जुना घेतलात तर चालू केल्यावर डिस्प्लेवर प्रो लिहून येतंय ना ते बघायचं. ७५० फूट म्हणजे पूर्ण वेगात जमिनीपर्यंत जेमतेम चार सेकंद. तेव्हा एएडी आहे म्हणून खाली उघडायचं नाही, ए ला ३००० फूट, बी-सी-डी ला २५०० हा किमान नियम, आणि गॅपनंतरच्या जंपला त्याच्याही वर उघडा, मेन हळू उघडणारी असेल आणि एएडीही त्याच वेळी उडाला तर दोन छत्र्या एकदम बाहेर येतात. जुन्या रिगबरोबर एएडी फुकट मिळतोय असं वाटतं तेव्हा त्याची उत्पादन तारीख विचारा, दोन वर्षं उरलेला एएडी म्हणजे दोन वर्षांनी येणारं बिल.

आरएसएल किंवा स्कायहूक यात मला शंका नाही, हवंच. आरएसएलने कटअवे केल्यावर (बिघडलेली मेन सोडून दिल्यावर) मेनचा रायझर (छत्रीला रिगशी जोडणारा पट्टा) जाता जाता रिझर्व्हची पिन काढतो, रिग बनवणाऱ्या बिल बूथच्या स्कायहूकमध्ये सुटलेली मेनच रिझर्व्हला ओढून बाहेर काढते, म्हणून उंची फारच कमी जाते. स्थिर व्हायला वेळ मिळत नाही, रिझर्व्हला ट्विस्ट येतात असं काही जुने लोक म्हणतात, पण कटअवे करून रिझर्व्ह ओढायलाच उशीर झाला म्हणून गेलेल्यांच्या गोष्टी त्याहून जास्त आहेत. कॅमेरावाले आणि स्वूप करणारे (जमिनीलगत मुद्दाम वेगाने उतरणारे) वेगळं ठरवतील, तो त्यांचा विषय. बी ते डी वाल्यांनी १८०० फुटांपर्यंत, ए वाल्यांनी २५०० पर्यंत कटअवेचा निर्णय घ्यायचा असतो, आणि महिनोन्महिने गॅप पडलेल्याचा निर्णय उशिराच होतो हे धरून चालावं.

आता कोकणाचा खरा प्रश्न, हवा. तिकडच्या कोरड्या हवेत रिग कपाटात टाकून सहा महिने विसरता येते. इथं जून लागला की पश्चिमेच्या भिंतीला ओल, कपाटातल्या चपलांवर बुरशी, आणि खारा वारा तर बारा महिने. ओळखीतल्या एकाची रिग ऑगस्टमध्ये उघडली होती, घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. नायलॉनला काही झालं नव्हतं, पण आरएसएलच्या शॅकलवर तपकिरी ठिपके होते, पॅकिंगचे रबर बँड चिकट होऊन लाइन्सना लागले होते, कटअवेची पिवळी केबल नळीतून अडकत अडकत बाहेर आली, आणि थ्री-रिंगच्या (मेन सोडणारी तीन कड्यांची जोडणी) वरचा पट्टा असा ताठ झाला होता की रिंग सोडल्यावर आपणहून सुटली नाही, बोटाने ढकलावी लागली. जमिनीवर ढकलता येते.

त्यामुळे नवी रिग घेत असाल तर रिंगा, शॅकल, बकल सगळं स्टेनलेस स्टीलचं मागा, कॅडमियम प्लेटिंगवाल्याला आपल्याकडे गंज धरतो. जुनी घेत असाल तर मिळेल ते घ्यावं लागतं. कुठलीही असो, घरी असाल तेव्हा महिन्यातून एकदा थ्री-रिंग सोडा, पट्टे हाताने मळून मऊ करा, केबल कापडाने पुसा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच वंगण लावा. बोटीवर असाल तर घरातल्या कुणाला तरी हे दाखवून ठेवा. (शीतल महाजनांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली तेव्हापासून आमच्याकडच्या आयांनाही हे प्रकरण थोडंफार माहीत झालंय, दाखवलं तर नीट करतात.) रिग पूर्वेच्या खोलीत, झाकण घट्ट बसणाऱ्या मोठ्या प्लास्टिकच्या पिंपात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. डांबरगोळ्या टाकू नका. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. आणि उंदीर.

रिपॅकचंही असंच. अमेरिकेच्या नियमाने रिझर्व्हचा रिपॅक (उघडून, तपासून पुन्हा घडी करणं) १८० दिवस चालतो आणि तुम्ही बोटीवर असलात तरी ते दिवस मोजले जातातच. तेव्हा सुट्टी संपताना रिपॅक करून घरी आणू नका, पुढच्या ट्रिपला पोचल्यावर तिथल्या रिगरकडे (रिझर्व्ह तपासून पॅक करणाऱ्याकडे) पहिल्याच दिवशी द्या, म्हणजे पावसाळाभर दमट हवेत राहिलेला रिझर्व्ह जंपच्या आधी एकदा पूर्ण उघडून बघितला जातो.

पाण्याचं दोन वाक्यांत. समुद्रापासून मैलभराच्या आत ड्रॉपझोन असेल तर फ्लोटेशन (तरंगायचं साधन) घाला, पोहता येतं म्हणून टाळू नका, लाइन्समध्ये अडकलेल्याला पोहणं उपयोगी पडत नाही, आणि पाय पाण्याला लागल्याशिवाय कटअवे करू नका कारण पाण्यावर उंचीचा अंदाज चुकतो. रिग खाऱ्या पाण्यात पडली तर लगेच गोड्या पाण्याने धुवून रिगरकडे, सायप्रस-२ पाण्यात टिकतो पण नंतर त्याचा फिल्टर बदलावा लागतो.

पैशाचा फरक वाटतो तेवढा राहत नाही हेही बघा. १५० वर चारेकशे जंप झाले असतील आणि लाइन्स स्पेक्ट्रा धाग्याच्या असतील तर स्लायडरच्या (उघडताना लाइन्सवरून खाली घसरणाऱ्या कापडाच्या) घर्षणाने त्या आखडलेल्या असणार, ब्रेकच्या सगळ्यात जास्त, म्हणजे नवीन लाइन सेट आला. एएडीचं उरलेलं आयुष्य आलं. पीडी कंपनीचा रिझर्व्ह असेल तर ४० रिपॅक किंवा २५ वेळा वापर झाल्यावर कारखान्यात तपासायला जातो, ते किती झाले ते आलं. आणि दीड वर्षाने तुम्हाला ती जमली नाही म्हणून विकायची झाली तर तोटा आलाच.

नवीनला पैसे पुरत नसतील तर मधला रस्ता आहे, वापरलेला कंटेनर आणि १७६ किंवा १९३ रिझर्व्ह, त्यात १९० किंवा १७० चा वापरलेला सेबर किंवा पायलट मेन, आणि एएडी तेवढा नवा. शोधायला वेळ लागतो, तोपर्यंत ट्रिपला भाड्याची रिग घ्या. सौदा करण्याआधी विकणाऱ्याकडून चार फोटो मागवा, रिझर्व्हचं डेटा कार्ड, एएडीच्या मागचं लेबल, थ्री-रिंग जवळून, आणि ब्रेक लाइन जिथं रायझरच्या रिंगमधून जाते तो भाग. फोटो पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. रिग विमानातून आणताना केबिनमध्येच ठेवा, सायप्रसबरोबर एक्स-रेसाठी कार्ड येतं ते खिशात असू द्या, चेक-इनच्या सामानात टाकू नका.