माउस बाजूला ठेवून ब्राउझर: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑफिसात क्रोम आणि घरी फायरफॉक्स, दोन्हीकडे विंडोज. बरेच महिने झाले, शक्य तिथं माउसला हात न लावता काम करतोय, त्यावरून लिहितोय. मॅकवाल्यांनी बहुतेक ठिकाणी कंट्रोलच्या जागी कमांड धरा.

नेटवर शॉर्टकटचे लांबलचक तक्ते मिळतात, ते पाठ करायच्या भानगडीत पडू नका. त्यातले निम्मे आयुष्यात कधी लागणार नाहीत. जे लागतात ते आठवडाभरात बोटांत बसतात आणि मग आपण नक्की काय दाबतोय हे कोणी विचारलं तर आपल्यालाच कीबोर्डकडे बघावं लागतं.

माझ्या मते सगळ्यांचा बाप म्हणजे कंट्रोल एल. कर्सर थेट ॲड्रेस बारमध्ये, आधीचा पत्ता आपोआप सिलेक्ट झालेला, टाइप करा, एंटर, झालं काम. लोक नवीन टॅब उघडणाऱ्या कंट्रोल टीचं कौतुक करतात पण तेवढंच वापरलं तर टॅबांचा नुसता ढीग होतो, त्यापेक्षा कंट्रोल एल करून टाइप करायचं आणि नवीन टॅब खरंच हवा असेल तर एंटरऐवजी ऑल्ट एंटर मारायचं. ह्याचाच एक जुगाड म्हणजे कंट्रोल एल आणि काहीही न बदलता लगेच ऑल्ट एंटर, चालू पानाची दुसरी प्रत शेजारच्या टॅबमध्ये हजर. फॉर्म भरताना वरची नियमावली एकीकडे उघडी ठेवायची असते ना, तेव्हा हे जाम उपयोगी पडतं. आणि ॲड्रेस बारमध्ये कधीतरी चुकीचा टाइप केलेला पत्ता रोज सजेशनमध्ये येऊन डोकं उठवत असेल तर खालच्या बाणाने त्याच्यावर जाऊन शिफ्ट डिलीट, गेला.

कंट्रोल शिफ्ट टी सगळ्यांना माहीत असतो, बंद झालेला टॅब परत आणतो. पण तो नुसतं पान आणत नाही, त्या टॅबची मागची हिस्ट्रीपण आणतो, म्हणजे बॅक चालतं. परत परत दाबलं तर उलट्या क्रमाने एकेक टॅब येत राहतो. फक्त इन्कॉग्निटोमधलं, म्हणजे हिस्ट्री न ठेवणाऱ्या खाजगी विंडोतलं, गेलं ते गेलं, आणि अर्धवट लिहिलेला मजकूर परत येईलच असं धरून चालू नका.

आता शोधण्याबद्दल, कारण इथे खरा वेळ वाचतो. कंट्रोल एफ करून शब्द शोधणं सगळेच करतात, पण सापडलेला शब्द लिंकमध्ये असेल तर एस्केप दाबायचं, फोकस त्या लिंकवरच राहतो, मग एंटर दाबलं की लिंक उघडते. समजा पानाच्या तळाशी कुठेतरी 'डाउनलोड' अशी लिंक आहे, तर कंट्रोल एफ, 'डाउन' एवढंच टाइप, एस्केप, एंटर. स्क्रोल नाही, माउस नाही. फायरफॉक्समध्ये अजून सोपं, तिरकी रेघ (/) दाबली की झटपट शोध आणि सिंगल कोट दाबला की फक्त लिंकांमध्ये शोध. पण कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्टवर, म्हणजे मराठी टायपिंगच्या मांडणीवर, असेल तर तिरक्या रेघेच्या जागी 'य' असतो, मग शोध उघडतच नाही आणि आपण बसतो फायरफॉक्सला शिव्या घालत.

हाच घोळ व्हिमियमचा. हे एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम आहे, एफ दाबलं की पानावरच्या प्रत्येक लिंकवर छोटी अक्षरं उगवतात, ती अक्षरं टाइप केली की लिंक उघडते, जे आणि के दाबून खालीवर स्क्रोल. पहिले काही दिवस भारी वाटतं, शेजारचा माणूस वाकून बघतो वगैरे. पण इन्स्क्रिप्टमध्ये एफ म्हणजे पहिली वेलांटी, त्यामुळे मराठीत टाइप करून परत वाचायला आलं की काहीच चालेना. सेटिंगमध्ये कीबोर्ड लेआउट दुर्लक्षित करायचा पर्याय आहे, तो चालू केल्यावर सुधारलं. तरी शेवटी मी ते ऑफिसच्या मशीनवरून काढलंच, कारण तिथली अर्धी कामं वेब ॲपमध्ये आणि त्या ॲपांची स्वतःची एकअक्षरी शॉर्टकटं, दोघांची सतत मारामारी. घरी वाचायला मात्र अजून ठेवलंय.

साइटवाल्यांवरही राग आहे थोडा. एका सिस्टिममध्ये कंट्रोल एफ दाबलं की ब्राउझरच्या शोधाऐवजी त्यांचाच डबा उघडतो आणि त्यात काही धड सापडत नाही. नशीब, क्रोममध्ये साध्या टॅबमधल्या साइटला कंट्रोल टी, टॅब बंद करणारा कंट्रोल डब्ल्यू, नवीन विंडो उघडणारा कंट्रोल एन एवढं तरी हिसकावता येत नाही.

दोन ब्राउझर वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. क्रोममध्ये कंट्रोल शिफ्ट एन म्हणजे इन्कॉग्निटो, फायरफॉक्समध्ये खाजगी विंडोसाठी कंट्रोल शिफ्ट पी, आणि तेच क्रोममध्ये दाबलं तर प्रिंटची खिडकी समोर. क्रोमचा कंट्रोल शिफ्ट ए उघड्या टॅबांमध्ये शोधतो, मला तर फार आवडतो, पण फायरफॉक्समध्ये त्याने ॲड-ऑनचं, म्हणजे एक्स्टेन्शन वगैरेंचं पान उघडतं. तिथं टॅब शोधायला ॲड्रेस बारमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि स्पेस देऊन नाव टाइप करायचं.

बॅकस्पेसने मागे जायची सवय असलेले अजून भेटतात. क्रोमने ते 2016 मध्येच काढलं, भरलेला फॉर्म एका बोटाने उडायचा म्हणून, आणि बरंच केलं. ऑल्ट आणि डावा बाण वापरा.

कंट्रोल 1 ते 8 ने त्या-त्या नंबरचा टॅब, 9 ने शेवटचा, मग टॅब कितीही असोत. मेल पिन करून पहिल्या जागेवर ठेवलाय, त्यामुळे कंट्रोल 1 म्हणजे मेल, डोळे मिटून. बाकी झूम, बुकमार्क, डाउनलोड वगैरेचे आहेत, येतात आपोआप.

माउस पूर्ण सुटला का? नाही, आणि मी प्रयत्नही सोडून दिला. नकाशे, ड्रॉपडाउनांचे लांब फॉर्म, ओढून सोडायच्या गोष्टी, इथे कीबोर्डवर टॅब-टॅब करत बसण्यापेक्षा माउस हातात घेतलेला परवडतो. लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या एफ7 साठी आधी एफएन दाबावं लागतं ती अजून एक कटकट. एफ7 ने पानावर कर्सर येतो आणि शिफ्ट-बाणाने मजकूर सिलेक्ट करता येतो, मोठ्या परिच्छेदातली नेमकी दोन वाक्यं उचलायला मस्त. पण आधी ब्राउझर हे चालू करू का म्हणून विचारतो, तिथे हो म्हणायचं, आणि काम झालं की परत एफ7 दाबून बंद करायला विसरू नका, नाहीतर नंतर बाण दाबले की पान सरकायच्या ऐवजी कर्सरच मजकुरातून फिरत बसतो.