सोनोग्राफी तंत्रज्ञ मिळेनात: कंत्राटी आणावेत, शिकवून तयार करावेत की एआयवर भिस्त ठेवावी?

मशीन बसवून झालं, खोली तयार आहे, पण तपासणीची तारीख आठवडेच्या आठवडे पुढची मिळते, कारण प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचं मशीनचं टोक, हातात धरणारं माणूस नाही. अशा वेळी व्यवस्थापकाच्या टेबलावर तीन प्रस्ताव येतात: कंत्राटी तंत्रज्ञ आणा, आपलीच माणसं शिकवा, किंवा एआयची मदत असलेली छोटी मशीनं घ्या. आहेत ती माणसं टिकवा, हा चौथा प्रस्ताव सहसा येतच नाही. तो विकायला कुणी एजंट फिरत नाही.

तुलना करताना खर्चाचा रकाना आधी भरला जातो. मी तो दुसरा भरेन. टंचाई मुळात अनुभवी तंत्रज्ञाच्या तासांची आहे, तेव्हा कोणता पर्याय हे तास वाढवतो आणि कोणता खातो, ते आधी पाहावं.

हे काम सीटी स्कॅनसारखं नाही. तिथे ठरलेल्या भागाचे सगळे काप साठवले जातात आणि रेडिओलॉजिस्ट दुसऱ्या गावात बसूनही ते निवांत पाहू शकतो. सोनोग्राफीत जे टिपलं गेलं नाही, ते रिपोर्ट लिहिणाऱ्यासाठी नसतंच. समजा, पित्ताशयात एक चमकदार ठिपका दिसला. शिकाऊ माणूस चित्र गोठवतो, माप घेतो आणि पुढे सरकतो. अनुभवी तंत्रज्ञ पेशंटला डाव्या कुशीवर वळवते, श्वास रोखायला लावते, ठिपका घरंगळतो का आणि त्याच्यामागे काळी सावली पडते का ते बघते. घरंगळला तर बहुधा खडा, भिंतीलाच चिकटून राहिला तर पॉलिपची, म्हणजे आतल्या भिंतीवर वाढलेल्या छोट्या गाठीची, शंका. हे सगळं प्रोब पोटावर असतानाच उरकावं लागतं. म्हणून रिपोर्टिंग बाहेर दिल्याने रेडिओलॉजिस्टची उणीव भरून निघते, तंत्रज्ञाची नाही.

कंत्राटी तंत्रज्ञाचा फायदा उघड आहे: तास लगेच मिळतात. पहिले काही दिवस तुमचं मशीन, तुमचे प्रोटोकॉल समजून घेण्यात जातात, तेवढं चालतं. खरी अडचण पुढे येते. शेजारच्या खोलीत तेच काम जास्त पैशांत होतंय, रात्रपाळीही नाही, हे कायम नोकरीतल्या माणसाला दिसतं आणि काही महिन्यांत तोही राजीनामा देऊन कंत्राटावर जातो. त्यामुळे रजा, बाळंतपण, अचानक रिकामी झालेली जागा, एवढ्यापुरताच हा पर्याय वापरावा, आणि शेवटची तारीख ठरवूनच.

प्रशिक्षणाचा हिशेब उलटा आहे. ते आधी तास खातं आणि नंतर परत देतं. वर्गात शिकवणं अवघड नसतं. अडतं ते प्रत्यक्ष पेशंटवर शिकवायला, कारण शिकाऊ माणूस बाजूला असला की तपासणी लांबते आणि शिकवणारी तीच असते जिच्याकडे आधीच रांग लागलेली असते. शिवाय माणूस आणायचा कुठून? ब्रिटनमध्ये बहुतेक जण आधी रेडिओग्राफर, म्हणजे एक्सरे काढणारे तंत्रज्ञ, असतात आणि मग सोनोग्राफीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करतात. म्हणजे इथली जागा भरली की एक्सरे विभागात रिकामी होते. तरीही दोन वर्षांपुढचा विचार करणाऱ्याला याला पर्याय नाही. फक्त शिकवणाऱ्या व्यक्तीच्या यादीतले पेशंट लेखी कमी करावेत. ‘सांभाळून घ्या’ म्हटलं की दोघांचंही काम बिघडतं.

एआयबद्दल मला वाटलं होतं त्यापेक्षा पुरावा बरा आहे, पण अरुंद आहे. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने २०२० मध्ये हृदयाच्या सोनोग्राफीसाठी मार्गदर्शन करणाऱ्या एका सॉफ्टवेअरला मंजुरी दिली. प्रोब किंचित फिरवा, जरा तिरका धरा, अशा सूचना स्क्रीनवर येतात आणि चित्र चांगलं आलं की ते आपोआप साठवलं जातं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोनोग्राफीचा अनुभव नसलेल्या ८ नर्सेसनी याच पद्धतीने २४० पेशंट तपासले. हृदयाच्या डाव्या कप्प्याचा आकार, त्याचं काम आणि हृदयाभोवतीचं पाणी, एवढं सांगण्यापुरती चित्रं ९८.८ टक्के पेशंटमध्ये पुरेशी निघाली. प्रश्न ठरलेला असेल तिथे हे उपयोगी आहे. ‘पोट दुखतंय, बघा काय आहे’ असं लिहून आलेल्या चिठ्ठीला ते पुरणार नाही.

तज्ज्ञाने दुरून मार्गदर्शन करण्याचा मार्गही चालतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अंतराळवीरांनी जमिनीवरच्या तज्ज्ञांच्या सूचनांवर स्वतःची सोनोग्राफी केलेली आहे. पण पलीकडचा तज्ज्ञ तेवढा वेळ अडकलेलाच असतो. प्रवास वाचतो, तास नाही.

आता चौथा पर्याय. वेगवेगळ्या पाहण्यांत साधारण ८० ते ९० टक्के तंत्रज्ञ दुखणं अंगावर काढत काम करत असल्याचं दिसतं: खांदा, मान, मनगट. पलंग उंच, पेशंट पलीकडच्या कडेला, हात लांबवून प्रोब दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने बटणं. खांदा शरीरापासून ३० अंशांपेक्षा जास्त उचलला जाऊ नये, असं मार्गदर्शन आहे. वरखाली होणारा पलंग, कोपराखाली आधार, दोन अवघड तपासण्यांच्या मध्ये एक सोपी, आणि वॉर्डात मशीन ढकलत नेण्याऐवजी शक्य तिथे पेशंटला खोलीत आणणं, यावर होणारा खर्च एका माणसाच्या भरतीपुढे किरकोळ आहे. पैसे हातात आले तर मी आधी इथेच घालीन.

काहीही ठरवण्याआधी कायदा बघा. काही देशांत सोनोग्राफर हा स्वतंत्र व्यवसाय आहे, तर काही ठिकाणी तपासणी डॉक्टरनेच करायची असते. तिथे नर्सच्या हाती प्रोब देण्याचा प्रस्ताव कागदावरच राहतो.

विभागात तिघे-चौघे असतील तर पलंग आणि वेळापत्रक सुधारून लगेच एक शिकाऊ घ्या. हृदयरोगाचे पेशंट जास्त असतील तर एआयची चाचणी तेवढ्यापुरती करून पाहा, आणि किती तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या ते मोजा. एकच तंत्रज्ञ उरली असेल तर मात्र तिच्याकडे शिकाऊ देऊ नका. त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवा, तोवर कंत्राटी माणूस आणा, आणि तिच्या रजा मंजूर करत राहा.