आज्जीची पैठणी, माझं जॅकेट आणि एक दुपटं

नाशिकला गंगापूर रोडला आतल्या गल्लीत एक छोटं बुटीक आहे, जुन्या साड्यांचं काहीबाही करून देतात. नाव नाही टाकत कारण एक तक्रार पण आहे, उगाच वाद नको.

मी नेली होती आज्जीची येवल्याची पैठणी आणि दोन विरलेली सुती लुगडी. लुगडी आईने बोहारणीसाठी काढलेली, एका स्टीलच्या पातेल्यावर सौदा ठरतच होता तेवढ्यात मी पळवली 😄 पैठणी कित्येक वर्षं एकाच घडीत कपाटात, उघडून बघितली तर घडीघडीवर रेशीम चिरलेलं. मला कुर्ता हवा होता. तिथल्या ताईंनी साडी उजेडात धरली आणि सरळ सांगितलं, "अंगातलं कापड गेलंय हो, पहिल्याच दिवशी बगलेत उसवेल. काठ-पदर तेवढा वापरू." दुसऱ्या कोणी गपचूप शिवून पैसे घेतले असते, म्हणून मला हे फार आवडलं.

मग साध्या काळ्या खादीचं जॅकेट केलं, त्याला काठाची पट्टी आणि कॉलरला पदर. हातमागाची पैठणी उलट-सुलट सारखीच दिसते ना, त्यामुळे कॉलर उभी केली काय नि दुमडली काय, मोर दिसतातच! शिलाई १८०० घेतली, अस्तरासकट, मला तरी महाग नाही वाटली. खिसा मात्र सांगूनही विसरले.

लुगड्यांचं माझ्या ताईच्या बाळासाठी दुपटं केलं, ७०० रुपये. हातानेच धावदोरा घालायला सांगा, मशीनवर करायला बघतात आणि मशीनच्या दाट टाक्यांनी ते पुठ्ठ्यासारखं कडक होतं, माझ्या मावशीचं झालंय तसं (दुसरीकडे केलेलं). हे इतकं मऊ आहे, आणि लुगडी इतकी वर्षं धुतलेली, आटायची ती आटून झाली, रंग जायचा तो गेला, आता बिनधास्त धुवा.

आता तक्रार. दसऱ्याला देते म्हणाल्या, हातात पडलं भाऊबीजेला! मधे तीन चकरा, दरवेळी "फक्त बटणं राहिलीत".

आणि हो, उरलेला काठ मागून घ्या. जुन्या जरीत बऱ्याचदा चांदी असते, ती विकत घेणारे असतात बाजारात. मी मागितला तर पिशवीतून गुपचूप काढून दिला, त्याचा आता बटवा करायचाय, पण तो मी घरीच शिवणारे.