चाकणला फोर्कलिफ्टची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) बदलली, ५ पैकी ४ स्टार

आधीच सांगतो, हे लोक स्वस्त नाहीत. भोसरी एमआयडीसीतली छोटी सर्व्हिस आहे. आमच्या चाकणच्या गोडाऊनला दोन ३ टनी डिझेल आणि एक बॅटरीवाली फोर्कलिफ्ट, तिन्हींची एएमसी यांच्याकडे दिलीय. आधीचा जो होता (नाव जाऊ दे) त्याचा पोरगा यायचा, मास्टला (पुढचा उभा सांगाडा) ग्रीस फासायचा, फिल्टरला हवा मारायचा आणि जॉब कार्डवर सही घेऊन गायब. सगळीकडे नुसतं ओके.

हे लोक मोजतात, पैसे त्याचेच. त्यांचा मेकॅनिक, सगळे मामा म्हणतात त्याला, आल्या आल्या कॅलिपर काढून फोर्क (माल उचलायचा लोखंडी दांडा) जिथे वळतो तिथली जाडी बघतो, कारण जमिनीला घासून घासून तिथेच झिजतो तो. मूळ जाडी ४० मिमी असेल आणि तिथे ३६ भरली की फोर्क बाद, मग दिसायला कितीही दणकट असू दे, १० टक्के झिजला म्हणजे ताकद २० टक्क्यांच्या आसपास गेलेली असते. आमची एक जोडी अशीच बाद निघाली. शेठ म्हणाले शेजारी फॅब्रिकेशनवाला आहे, वेल्डिंगचा थर मारून घेऊ, तर मामा तोंडावर म्हणाला, "शेठ, तसं केलंत तर मी सही करणार नाही, हीट ट्रीटमेंटचा माल आहे, वेल्डिंगशेजारी तडा जातो." नवीन जोडीच टाकली शेवटी. फोर्क वर ओढणाऱ्या चेनचं पण तेच, मीटरमागे ३० मिमी लांबली की बदलायची, ताणून ॲडजस्ट करत बसायचं नाही.

बॅटरीवाल्या गाडीचं बघणं पण चांगलंय. आमची पोरं चार्जिंगला लावायच्या आधीच सेल काठोकाठ भरायची, मग चार्ज होताना ॲसिड बाहेर आणि खालची ट्रे गंजलेली. आता डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावरच, आधी फक्त प्लेटा उघड्या दिसल्या तर बुडतील एवढंच. चार्जरजवळची खिडकी पण उघडायला लावली, कारण चार्जिंगला हायड्रोजन निघतो, हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगी पुरते, आणि आमचे ड्रायव्हर तिथेच बिडी ओढायचे.

ऑपरेटर लोकांना मामाने बोलून बोलून सीटचा पट्टा लावायला लावलाय हे मला सगळ्यात भारी वाटलं. गाडी कलंडायला लागली की माणूस उडी मारतो आणि डोक्यावरच्या गार्डखालीच (छताची जाळी) चेंगरतो, त्यापेक्षा स्टिअरिंग घट्ट धरून, पाय रोवून, उलट्या बाजूला झुकायचं. आणि ३ टनी म्हणजे कायम ३ टन नाही हे पण गाडीवरच्या प्लेटवर बोट ठेवून दाखवलं, ते वजन ५०० मिमी लोड सेंटरला (फोर्कच्या उभ्या बाजूपासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर), लांब पेटी घेतली की कमीच उचलायचं.

एक लक्षात ठेवा, फॅक्टरी ॲक्ट होता तेव्हा (नोव्हेंबर २०२५ पर्यंत) कलम २९ खाली वर्षातून एकदा कॉम्पिटंट पर्सनची (सरकारमान्य तपासनीस) तपासणी लागायची, तसली तपासणी या एएमसीत नाही, वेगळी करून घ्यावी लागते.

बाकी गुरुवारी एमआयडीसी बंद तेव्हा फोन उचलत नाहीत, आणि नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतचं ट्रॅफिक धरलं तर "तासात येतो" याचा अर्थ जेवणानंतर. टिल्ट सिलेंडरचं (मास्ट पुढे-मागे झुकवतो तो) सील किट सांगून ठेवलंय, अजून आलेलं नाही, खाली रोज तेलाचं थारोळं, एक स्टार त्याचाच कापला.